खर्च झाला खरा, पण दिला कसा? : वाचकांचे प्रश्न

धंद्यासाठी केलेला कोणता खर्च आयकराच्या हिशेबात धरता येतो आणि कोणता नाही, यावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. मुंबईतून बरीच पत्रं आली. त्यांतले जे प्रश्न अनेकांना पडतात ते इथे घेतले आहेत. उत्तरं २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या रिटर्नसाठी आहेत. त्या वर्षाला १९६१चाच आयकर कायदा लागू आहे. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा कायदा आला आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले. खाली दिलेली कलमं जुन्या कायद्यातली आहेत.

प्रश्न : मी दादरला राहत्या घरातच ब्लाउज आणि ड्रेस शिवून देते. नव्या कर प्रणालीत वजावटी मिळत नाहीत असं सगळे सांगतात. मग दोरे, अस्तर, मशीन, वीज यांची बिलं जपून ठेवण्यात अर्थ आहे का? घर आमच्याच मालकीचं आहे. मशीन गेल्या दसऱ्याला घेतलं.

बिलं जपायलाच हवीत. ‘वजावट’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात आणि तिथे गोंधळ होतो. नव्या प्रणालीत गेल्या त्या तुमच्या खासगी गुंतवणुकीच्या वजावटी : ८०सी खालचा पीपीएफ आणि विमा, ८०डी खालचा मेडिक्लेम वगैरे. धंद्याचा खर्च ही वजावट नव्हेच, तो नफा काढण्याचा भाग आहे. शिलाईचे तीन लाख आले आणि सव्वा लाख खर्च झाले, तर तुमचं उत्पन्न पावणेदोन लाखच. कोणतीही प्रणाली घ्या, यात फरक पडत नाही.

दोरे, अस्तर, बटणं, हुक, मशीनचं तेल, सुया, दुरुस्ती हे सगळं त्याच वर्षी पूर्ण खर्चात जातं. मशीनचं तसं होत नाही. ते वर्षानुवर्षं चालणार, म्हणून त्यावर दरवर्षी घसारा मिळतो, म्हणजे किमतीचा ठरावीक भाग खर्चात धरता येतो. यंत्रांना १५ टक्के, फर्निचरला १० टक्के, कॉम्प्युटर-प्रिंटरला ४० टक्के. वस्तू घेतली त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर त्या वर्षी घसारा निम्मा. दिवस उलटे मोजले तर ३ ऑक्टोबरपर्यंत वापरात आलेल्या वस्तूला ३१ मार्चपर्यंत १८० दिवस भरतात. २०२५चा दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणजे तुम्ही बरोबर आत बसलात. मशीन ३२,००० रुपयांचं असेल तर यंदाचा घसारा ४,८००. तेच पाडव्याला, २२ ऑक्टोबरला घेतलं असतं तर २,४०० मिळाला असता. उरलेली रक्कम बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळत राहते. पण एक बघा : कायदा ‘विकत घेतलं’ म्हणत नाही, ‘वापरात आणलं’ म्हणतो. दसऱ्याला पूजा करून पैसे भरले आणि मशीन आठवड्याने घरी आलं, तर तारीख आठवड्यानंतरचीच. डिलिव्हरी चलन आणि त्या मशीनवर शिवलेल्या पहिल्या कामाची नोंद जपून ठेवा. आणि मशीनचे पैसे यूपीआय, चेक किंवा कार्डाने दिलेत ना, तेही तपासा. एका दिवसात १०,०००च्या वर रोख दिले तर ती पूर्ण रक्कम मशीनच्या किमतीत धरली जात नाही, म्हणून तिच्यावर घसाराही नाही.

घर स्वतःचं असल्याने त्याचं भाडं स्वतःलाच देऊन खर्च दाखवता येत नाही. विजेच्या बिलाचा धंद्यापुरता वाटा मात्र घेता येतो. तो अंदाजपंचे ‘निम्मा’ असा लिहू नका, एकदा बसून मांडणी करा. मोटरचं मशीन ४०० वॉटचं, रोज ६ तास, महिन्याला २६ दिवस : ६२ युनिट. इस्त्री १,००० वॉटची, पण ती मधेमधे बंद होते, म्हणून प्रत्यक्ष रोज तासभर धरा : २६ युनिट. पंखा आणि दोन ट्यूब मिळून १५५ वॉट, रोज ८ तास : ३२ युनिट. बेरीज १२०. महिन्याचं बिल ३१० युनिटचं असेल तर धंद्याचा वाटा सुमारे ३९ टक्के. हा कागद एका पानावर लिहून फाइलला लावा आणि वर्षभर तोच हिशेब वापरा. उद्या कोणी विचारलं तर ‘३९ टक्के कुठून आले’ याचं उत्तर तुमच्याकडे तयार असेल. मोबाइल बिलालाही हाच न्याय. घरचा मेडिक्लेम आणि स्वतःचा आयुर्विमा मात्र धंद्यात घालू नका. तो खासगी खर्च आहे, चालत नाही.

प्रश्न : लालबागला आमची छोटी खानावळ आहे. मासळी ससून डॉकवरून घेतो, सगळा व्यवहार रोखीचा. ठरलेल्या माणसाकडून रोज चारएक हजारांची घेतो, आणि त्याचा हिशेब आठवड्यातून एकदा, शनिवारी चुकता करतो. आमच्या लेखनिकांनी सांगितलं की यातला बराच खर्च नाकारला जाईल. खरं आहे का?

खरं आहे, आणि सर्वांत जास्त नुकसान होतं ते याच ठिकाणी. कलम ४०ए(३) सांगतं : एका माणसाला, एका दिवसात, १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले, तर तो खर्च मिळत नाही. वरचा भागच नाही असं नव्हे, पूर्ण रक्कम जाते. १४,५०० रोख दिले तर ४,५०० नव्हे, १४,५०० नाकारले जातात. मासळी खरी, गिऱ्हाइकांनी ती खाल्ली, त्यांच्याकडून आलेले पैसे उत्पन्नात धरले, तरी खरेदी मात्र शून्य. म्हणजे जो नफा झालाच नाही त्यावर कर.

तुमच्या पद्धतीत फसगत अशी : रोज ४,००० दिले असते तर एकही दिवस मर्यादा ओलांडली गेली नसती. शनिवारी सहा दिवसांचे २४,००० एकदम रोख दिले, म्हणून सगळे २४,००० अडकले. बिलं सहा असली तरी उपयोग नाही. कायदा बिल मोजत नाही, त्या दिवशी त्या माणसाला किती रोकड गेली ते मोजतो. सकाळी ९,००० आणि संध्याकाळी ९,००० अशी विभागणी केली तरी दिवस एकच. बेअरर चेकही रोखीतच धरला जातो, चेक अकाउंट पेयीच हवा. आणि मागच्या वर्षीची उधारी या वर्षी अशीच रोख फेडली, तर ती रक्कम या वर्षीच्या उत्पन्नात मिळवली जाते.

मासळीसाठी आयकर नियमांतल्या नियम ६डीडीमध्ये एक सूट आहे. शेतमाल, दूध, कोंबड्या आणि मासळी थेट उत्पादकाकडून घेतली तर रोखीची मर्यादा लागत नाही. उत्पादकात मासे पकडणारा कोळी येतो, आणि किनाऱ्यावरच माल निवडून-वेगळा करून विकणारा कोळ्यांचा म्होरक्याही येतो. लिलावात घेऊन पुढे विकणारा व्यापारी किंवा दलाल येत नाही. तुमचा ‘ठरलेला माणूस’ यांपैकी कोण आहे, यावर सगळं अवलंबून आहे. होडी त्याची असेल तर व्हाउचरवर त्याचं नाव, मोबाइल नंबर, होडीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, मासळीचा प्रकार, वजन, दर आणि सही घ्या. ‘मासळी खरेदी रु. १२,०००’ एवढंच लिहिलेलं व्हाउचर ही सूट मिळवून देत नाही. दादरच्या भाजी मार्केटमधल्या किंवा वाशीच्या व्यापाऱ्याला ही सूट नाहीच, तो उत्पादक नव्हे.

सोपा मार्ग म्हणजे यूपीआय. डॉकवरही बहुतेकांकडे क्यूआर असतो. समोरचा रोखच मागत असेल तर रोजच्या रोज द्या, साचवू नका. तुम्ही ४४एडी खाली ठरावीक टक्केवारीने नफा दाखवत असाल, तर ४०ए(३) तुम्हाला लागत नाही. त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

मालवाहतूकदाराला दिलेल्या भाड्यासाठी रोखीची ही मर्यादा ३५,००० आहे.

प्रश्न : बोरिवलीत स्टेशनरीचं दुकान आहे. वर्षाची विक्री ६२ लाख. त्यातले ४५ लाख यूपीआय आणि कार्डाने, १७ लाख रोख. ४४एडी घ्यावं की नीट वह्या ठेवून खर्च दाखवावा?

४४एडीमध्ये तुमचा किमान नफा असा निघतो : ४५ लाखांवर ६ टक्के म्हणजे २,७०,०००, आणि १७ लाखांवर ८ टक्के म्हणजे १,३६,०००. एकूण ४,०६,०००. प्रत्यक्षात नफा याहून जास्त झाला असेल तर जास्तच दाखवावा लागतो. दाखवलेल्या नफ्यातून आणखी काहीही वजा होत नाही : दुकानाचं भाडं नाही, नोकराचा पगार नाही, कर्जाचं व्याज नाही, घसारा नाही. ते सगळं त्या ६ आणि ८ टक्क्यांत आधीच धरलेलं आहे. ‘४४एडीचा नफा वजा लोनचं व्याज’ असं भरलेलं रिटर्न चुकीचं ठरतं.

नव्या प्रणालीत एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७एची सवलत धरून कर शून्य होतो. दुसरं उत्पन्न फारसं नसेल तर तुमच्यासाठी ४४एडी सरळ आणि बिनत्रासाचं आहे. विक्री २ कोटींपर्यंत ते घेता येतं. रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत. कमिशन किंवा एजन्सीच्या धंद्याला आणि एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) मात्र ते नाही.

विचार करायचा तो पाच वर्षांच्या अटीचा. ४४एडी घेतल्यावर पुढच्या पाच वर्षांत एखाद्या वर्षी तुम्ही त्यातून बाहेर पडून कमी नफा दाखवलात, तर त्यानंतरची पाच वर्षं परत येता येत नाही. आणि त्या काळात उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर विक्री कितीही असो, वह्या ठेवून ऑडिट करावं लागतं. म्हणून ज्याचा नफा मुळातच ३-४ टक्के आहे (घाऊक किराण्यासारखे धंदे) त्याने सुरुवातीपासून वह्याच ठेवाव्यात. स्टेशनरीत मार्जिन बरं असतं, तुम्हाला अडचण यायचं कारण नाही. आगाऊ कर लागत असेल तर ४४एडीवाल्यांनी तो १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरायचा, हे लक्षात ठेवा.

प्रश्न : परळला गाळा भाड्याने घेतला. लीव्ह अँड लायसन्स, तीन वर्षं. डिपॉझिट ३ लाख, महिना ५५,०००. शिवाय ब्रोकरेज, नोंदणी, रंगकाम, पोटमाळा, एसी, काउंटर. एकूण नऊ लाख गेले. हे सगळं या वर्षीच्या खर्चात घालू का?

नऊ लाखांची एकच रक्कम म्हणून बघू नका, तुकडे करा. डिपॉझिट परत येणार आहे, तो खर्च नाही. ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला लिहा. महिन्याचं भाडं, ब्रोकरेज, करारावरची स्टँप ड्यूटी आणि नोंदणी फी या वर्षी चालतात. फक्त रंगकाम आणि किरकोळ दुरुस्ती केली असेल तर तीही चालते. पोटमाळा नव्याने बांधला तर तो भांडवली खर्च, म्हणजे एका वर्षात पूर्ण न मिळणारा. जागा दुसऱ्याची असली तरी भाडेकरूने केलेल्या अशा बांधकामावर त्याला १० टक्के घसारा मिळतो. काउंटर, कपाटं, वायरिंग १० टक्के. एसी १५ टक्के. म्हणून कंत्राटदाराकडून ‘इंटिरिअर वर्क, एकरकमी ४,५०,०००’ असं बिल घेऊ नका. रंगकाम किती, पोटमाळा किती, फर्निचर किती, वीजकाम किती, असं फोडून मागा. एकरकमी बिलात जे रंगकाम याच वर्षी पूर्ण मिळालं असतं तेही १० टक्क्यांच्या रांगेत जातं. नंतर फोडून मागितलं तर कंत्राटदार सापडत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे.

आता टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर. भाडं महिना ५०,०००च्या वर गेलं की तो कापावा लागतो. तुम्ही वैयक्तिक मालक आहात आणि मागच्या वर्षी विक्री १ कोटीच्या आत होती, तर कलम १९४-आयबीप्रमाणे २ टक्के, वर्षातून एकदा, फॉर्म २६क्यूसीने. त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा वेगळा नंबर) लागत नाही, तुमचा आणि घरमालकाचा पॅन पुरतो. मागच्या वर्षीची विक्री १ कोटीच्या वर असेल तर दर महिन्याला १० टक्के आणि टॅन लागतो. टीडीएस न कापल्यास त्या खर्चातले ३० टक्के नाकारले जाऊ शकतात. ५५,०००च्या भाड्यावर वर्षाला ते १,९८,००० होतात.

पागडीने जागा घेतली असेल तर दिलेली पागडी हा भांडवली खर्च. चालू खर्चात तो बसत नाही.

प्रश्न : साकीनाक्याला माझा इंजिनीअरिंगचा गाळा आहे. पार्ट्स प्लेटिंगला बाहेर देतो. त्या जॉबवर्कवाल्याचे ८०,००० मी एप्रिलमध्ये दिले, बिल जानेवारीचं होतं. सीएंनी ते खर्चातून काढून टाकलं. दिलेले पैसे कसे काय काढले?

काढले नाहीत, पुढच्या वर्षात ढकलले. कलम ४३बी(एच) हे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे वेळेत मिळावेत म्हणून आलं. लेखी करार नसेल तर माल किंवा काम पोहोचल्यापासून १५ दिवसांत, लेखी करार असेल तर करारातल्या मुदतीत पण फार तर ४५ दिवसांत पैसे द्यायचे. मुदत उलटली आणि ३१ मार्चला पैसे बाकी असले, तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष दिला त्या वर्षीचा. तुमचं काम १२ जानेवारीला पोहोचलं आणि करार नव्हता, तर मुदत २७ जानेवारीला संपली. एप्रिलमध्ये दिले म्हणून ८०,००० हे २०२६-२७चे. हेच पैसे उशिरा का होईना ३१ मार्चच्या आत दिले असते तर खर्च याच वर्षी मिळाला असता. काम २० मार्चला आलं, करार ४५ दिवसांचा, आणि पैसे ४ मेपर्यंत दिले, तरीही तो याच वर्षीचा.

यात दोन गोष्टी पाहायच्या. समोरच्याकडे उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का, आणि तो उत्पादक किंवा सेवा देणारा आहे का? निव्वळ व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी असली तरी त्याच्या बाकीला हे कलम लागत नाही. प्लेटिंगवाला सेवा देतो, त्यामुळे तो यात येतो. प्रत्येक पुरवठादाराकडून उद्यम प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या, आणि फेब्रुवारीच्या शेवटी बाकीदारांची यादी काढून अशी नावं वेगळी करा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पैसे कोणाला आधी द्यायचे ते या यादीवरून ठरतं. एका पानाचा साधा करार करून ४५ दिवसांची मुदत लिहून घेतलीत तर १५ दिवसांची घाई टळते. उशिराबद्दल त्याला व्याज द्यावं लागलं तर ते व्याज खर्चात मिळत नाही.

कामगारांच्या पीएफचंही इथेच सांगून ठेवतो, कारण गाळ्यांत ही चूक फार होते. पगारातून कापलेला कामगाराचा हिस्सा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरला पाहिजे. एक दिवस उशीर झाला तरी ती रक्कम कायमची नाकारली जाते. पुढच्या वर्षीही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये हे पक्कं केलं आहे.

प्रश्न : मिसेस दुकानाचा हिशेब बघते. तिला महिना २५,००० पगार दाखवला तर चालेल? आणि मी स्वतः पगार घेऊ का?

स्वतःला नाही. एकट्या मालकीच्या धंद्यात मालकाने घेतलेले पैसे म्हणजे उचल, खर्च नव्हे. पत्नीचा पगार खर्चात चालतो, काम खरं असेल आणि पगार बाजारभावाला धरून असेल तर. पण कलम ६४ आडवं येतं : तुमच्या धंद्यातून पत्नीला मिळालेला पगार तुमच्याच उत्पन्नात मिळवला जातो. म्हणजे एका हाताने वजा, दुसऱ्या हाताने जमा. अपवाद एकच, तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्या ज्ञानाच्या कामाचाच असेल तर. बीकॉम होऊन अकाउंटिंगचं काम प्रत्यक्ष करणारी पत्नी हा दावा मांडू शकते. दहावीपर्यंत शिकून गल्ल्यावर बसणाऱ्या पत्नीच्या पगाराने कर वाचत नाही, तिने कष्ट कितीही केले तरी. हा नियम कठोर आहे, पण आहे तसा सांगायला हवा. भाऊ, वडील किंवा सज्ञान मुलगा यांना दिलेल्या पगाराला कलम ६४ लागत नाही. पगार वाजवी हवा, बँकेतून दिलेला हवा आणि त्यांनी तो आपापल्या रिटर्नमध्ये दाखवायला हवा.

प्रश्न : हिंदमाताला कापडाचं दुकान. पावसात पाणी शिरलं, खालच्या रॅकवरचे तागे भिजले. सुमारे २ लाख ८० हजारांचं नुकसान. हे खर्चात दाखवता येईल का?

विकायला ठेवलेला माल बुडाला तर तो धंद्याचा तोटा, पूर्ण मिळतो. मात्र तो एकदाच घ्यायचा, आणि चूक इथेच होते. मालाची खरेदी वर्षाच्या खर्चात आधीच धरलेली असते. ३१ मार्चच्या शिल्लक मालात भिजलेले तागे नसतील तर तोटा आपोआप नफ्यातून वजा झालेला आहे. त्यावर पुन्हा ‘पावसाचं नुकसान २,८०,०००’ अशी वेगळी ओळ घातली की तोच तोटा दोनदा येतो. तोटा वेगळा दिसावा असं वाटत असेल तर तेवढीच रक्कम खरेदीतून कमी करा आणि मग वेगळी लिहा.

पाणी ओसरल्यावर साफसफाईची घाई होते. पण आधी विमा कंपनीला कळवा, सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत माल हलवू नका. तारखेसह फोटो काढा, रॅकवर पाणी कुठवर चढलं त्याची खूण दिसेल असे. ताग्यांची यादी करा : प्रकार, मीटर, खरेदी बिल क्रमांक, दर. पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत, नसेल तर बाजाराच्या संघटनेचं पत्र. विम्याची रक्कम आली की ती जमेत येते.

जीएसटीचा भाग यात विसरला जातो. फेकून दिलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची मिळालेली वळती) उलटवावं लागतं, आणि उलटवलेली ती रक्कम मग तुमच्या तोट्यात मिळते. भिजलेले तागे वाळवून कमी भावात विकले तर ती विक्री आहे. बिल करा, त्यावर जीएसटी लावा, क्रेडिट उलटवायची गरज नाही. म्हणून फेकलेला आणि पडत्या भावात विकलेला माल यांच्या याद्या वेगळ्या ठेवा.

प्रश्न : टेम्पोचा महिन्याचा हप्ता १३,२०० आहे. पूर्ण खर्चात घालतो. बरोबर ना?

नाही. हप्त्यातलं व्याजच खर्चात, मुद्दल नाही. बँकेकडून वर्षाचं व्याज प्रमाणपत्र घ्या, त्यात दोन्ही वेगळे दिलेले असतात. टेम्पोच्या किमतीवर घसारा मिळतो : स्वतःच्या मालासाठी वापरत असाल तर १५ टक्के, भाड्याने फिरवत असाल तर ३० टक्के. डाउन पेमेंट रोख दिलं असेल तर ते किमतीतून जाईल. ६,४०,०००च्या टेम्पोसाठी डीलरला ६०,००० रोख दिले, तर घसारा ५,८०,०००वरच.

प्रश्न : गणपतीची वर्गणी, ट्रॅफिकचा दंड, ‘वरचे’ पैसे?

वर्गणी ही देणगी, धंद्याचा खर्च नाही. मंडळाच्या स्मरणिकेत किंवा कमानीवर दुकानाची जाहिरात दिली, पावतीवर ‘जाहिरात’ लिहिलेलं आहे आणि जाहिरातीचा फोटो आहे, तर जाहिरात खर्च म्हणून चालते. राजकीय पक्षाच्या स्मरणिकेतली जाहिरात चालत नाही. कायदा मोडल्याचा दंड आणि लाच कुठल्याही नावाने चालत नाही. ‘किरकोळ खर्चा’त लपवलं तरी ते चूकच. स्वतःचा व्यवसाय कर, वर्षाचे २,५००, हा खर्चात मिळतो, तो भरला की लिहायचा राहू देऊ नका. आयकर स्वतः कधीच खर्च होत नाही.

प्रश्न : हमाल, रिक्षा, चहा यांची बिलं मिळत नाहीत. आणि जुनी बिलं किती वर्षं ठेवायची?

बिल मिळत नसेल तिथे स्वतः व्हाउचर करा : तारीख, कोणाला, कशासाठी, किती, आणि घेणाऱ्याची सही. ५,०००च्या वर रोख असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टँप. रिक्षाच्या व्हाउचरवर ‘प्रवास ३२०’ लिहू नका, ‘मशीद बंदरहून माल पाहून परत, ३२०’ लिहा. महिन्याअखेर एका शाईत, एका बैठकीत लिहिलेली तीस व्हाउचर पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात. रोजची रोज लिहा.

वह्या आणि बिलं करनिर्धारण वर्ष (आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून सहा वर्षं ठेवायची. २०२५-२६ची बिलं ३१ मार्च २०३३पर्यंत. पेट्रोल पंपाच्या आणि मॉलच्या पावत्या थर्मल कागदावर असतात, मुंबईच्या दमट हवेत त्या वर्षभरात कोऱ्या होतात. मिळाल्या दिवशीच फोटो किंवा झेरॉक्स काढा, आणि मूळ पावती प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये न घालता झेरॉक्सच्या मागे स्टेपल करा. प्लॅस्टिकला चिकटली की शाई आणखी लवकर उडते.